मुलाचा ताबा आणि दोन देशांची न्यायालये

दोन देशांत पसरलेला संसार मोडला की मालमत्तेची वाटणी कशीबशी होते; मुलाची होत नाही. अशा मुलाला आईने वा बापाने परस्पर दुसऱ्या देशात नेले तर काय करावयाचे, यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे झाला व १ डिसेंबर १९८३ पासून तो अमलात आला. आज शंभरावर देश त्याने बांधले गेले आहेत. दीर्घकाळ दूर राहिलेला जपानही २०१४ मध्ये त्यात सामील झाला. भारत मात्र अद्याप बाहेर आहे, आणि आपला स्वतंत्र कायदाही त्याने केलेला नाही.

हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या सुखवस्तू वर्गापुरता आहे, असे समजण्याचे दिवस गेले. लोणी-संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली शेतकऱ्यांची मुले पुण्यामार्गे अमेरिकेत पोहोचली, त्यालाही बराच काळ लोटला. त्यांचे विवाह येथे ठरतात, मुले तिकडे जन्मतात. बेबनाव झाला आणि आई मुलासह माहेरी परतली, तर परदेशी न्यायालयाचा कागद थेट राहुरी वा कोपरगावच्या वस्तीवर येऊन पोहोचू शकतो. मग एकीकडे नगरच्या जिल्हा न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज आणि दुसरीकडे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे ‘हेबिअस कॉर्पस’ची याचिका, अशी दुहेरी धावपळ सुरू होते. बैलगाडीच्या जमान्यातला कायदा विमानाने आलेल्या भांडणाला लावावयाचा, असा हा प्रकार आहे.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक प्रमुख निर्णय पुण्याच्या प्रकरणातला आहे. मिशिगन राज्यातील न्यायालयाने घटस्फोटानंतर मुलाचा ताबा अमेरिकन आईकडे दिला होता. भारतीय बापाला आठवड्याच्या सुट्टीत भेटण्याची मुभा होती आणि परवानगीवाचून मुलाला देशाबाहेर नेण्यास मनाई होती. जानेवारी १९८६ मध्ये बापाने भेटीच्या निमित्ताने मुलाला घेतले ते थेट भारतात आणून पुण्यात आजी-आजोबांपाशी ठेवले. आईने दिल्लीत धाव घेतली. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून, ते येथे रुजलेले नाही असे मत नोंदविले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला आईच्या स्वाधीन केले. निकालास दहा महिने लागले. आजच्या मानाने हा वेग हेवा वाटावा असा आहे!

पुढे चित्र पालटले. जुलै २०१७ मध्ये, इंग्लंडमधून आईने आणलेल्या, हृदयविकार असलेल्या एका मुलीस परत पाठविण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. परदेशी न्यायालयाचा हुकूम हा विचारात घ्यावयाच्या अनेक गोष्टींपैकी एक, मुलाचे हित सर्वोपरी, असे त्यात ठरले. मार्च २०१९ मध्ये मात्र अमेरिकेतून आणलेल्या दोन मुलांना परत नेण्याचा आदेश झाला; तेथील न्यायालयात आईनेच प्रथम अर्ज केला होता, ही गोष्ट तीत महत्त्वाची ठरली. दोन्ही प्रकरणांत मुले येऊन सुमारे दोन वर्षे झाली होती. प्रत्येक निर्णय त्या-त्या वस्तुस्थितीत समर्थनीय असेलही. परंतु आपल्या प्रकरणात काय होईल, हे कोणत्याच पालकाला आधी सांगता येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर येथे विलंब हीच मालमत्ता होऊन बसते. ज्याच्या हाती मूल आहे त्याच्यासाठी प्रत्येक तारीख लाभाची असते. मूल नव्या शाळेत, नव्या भाषेत रुळते आणि ते रुळणे हाच पुढे पुरावा ठरतो. हेग करारात सहा आठवड्यांची अपेक्षा आहे ती यासाठीच. ताबा कोणाचा, हे त्या सहा आठवड्यांत ठरवावयाचे नसते; कोणत्या देशाने ठरवावयाचे एवढाच मुद्दा असतो.

मग करारावर सही करून मोकळे का होऊ नये? विधी आयोगाने मार्च २००९ मधील २१८ व्या अहवालात तशी शिफारस केलीच होती. सरकार कचरले, आणि ते अगदीच अकारण नव्हते. करार झाला तेव्हा ताबा गमावलेला बाप मुलाला पळवितो, हे चित्र डोळ्यांपुढे होते. प्रत्यक्षात आज मूल घेऊन परतणाऱ्यांत बहुसंख्य माताच असतात, व त्यांतील काही मारहाणीला कंटाळलेल्या असतात. एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती. पुढे मिळाली तीही काहींनाच. घटस्फोट होताच तिचा तो व्हिसाही संपतो. अशा स्त्रीला ‘मूल परत पाठव आणि खटला तिकडे लढ’ असे सांगणे म्हणजे एका पक्षाचे हात बांधून कुस्ती लावणे होय. करारातील ‘गंभीर धोक्या’चा अपवाद सिद्ध करण्याइतके पुरावे नेसत्या वस्त्रानिशी निघालेली बाई कोठून आणणार?

तथापि एवढ्यावर थांबणे ही अर्धवट दया आहे. भारतातून मूल बाहेर नेले गेल्यास मागे राहिलेल्या आईला आपण काय देतो? ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा केनियातील बापाकडे दिला, तोही तेथील न्यायालयाने तसाच आदेश नोंदविण्याच्या अटीवर. बापाने पुढे न्यायालयाची फसवणूक केल्याचे आढळले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. मूल मात्र तोवर सीमेपलीकडे गेले होते. करार नसल्याचा तोटा आपल्याही मातांना होतो, हे यावरून दिसते.

न्या. राजेश बिंदल समितीने एप्रिल २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात अशा तंट्यांसाठी खास प्राधिकरण सुचविले होते. संसदेने कायदा मात्र अद्याप केलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रथम आपला कायदा करावा. त्यात निकालास मुदत असावी, कौटुंबिक हिंसा हा परतीस नकार देण्याचा स्पष्ट आधार असावा, आणि मूल परत पाठवावयाचे असल्यास आईच्या व्हिसाची, निवाऱ्याची व वकिलाची हमी आधी घ्यावी. त्या अटींवर अन्य देशांशी बोलणी करता येतील.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो. पण तो नगरच्या वा औरंगाबादच्या न्यायालयापुरता. परदेशातील वकिलाची फी डॉलरांत मोजावी लागते. २००९ पासून वकिलातींमार्फत चालणाऱ्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून परदेशस्थ पतींनी टाकलेल्या स्त्रियांना कायदेशीर साहाय्य दिले जाते. मुलाच्या ताब्यासाठी तेथे परतून लढणाऱ्या आईपर्यंत ती तरतूद वाढविण्यास संसदेच्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.