शटडाऊन आणि घरातले पाणी

हेटवणे धरणाचे पाणी पेण तालुक्यातील जिते येथील जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होते आणि पुढे सिडकोच्या जलवाहिन्यांतून उलवे, द्रोणागिरी, खारघरकडे जाते. वाहिनीवर दुरुस्ती निघाली की पुरवठा थांबवावा लागतो आणि शटडाऊनची सूचना निघते. अशा सूचनेत साधारण दोन गोष्टी असतात: अमुक दिवशी २४ तास पाणी बंद राहील आणि त्यानंतर ते कमी दाबाने येईल. घराघरांतली तयारी पहिल्या गोष्टीपुरती होते. गैरसोय मात्र बहुतेकदा दुसरीमुळे वाढते.

काम संपले म्हणजे पाणी लगेच नळाला येत नाही. आधी रिकामी झालेली वाहिनी भरते, मग जलकुंभ, मग सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि शेवटी गच्चीवरची. वाहिनीच्या टोकाला असलेल्या इमारतींचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. म्हणून सूचना २४ तासांची असली तरी हिशोब ४८ तासांचा धरणे शहाणपणाचे.

काही वेळा सूचनाच मिळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब पडले आणि पंपावर चालणाऱ्या गावोगावच्या नळपाणी योजना बंद पडल्या. नळाचे पाणी बहुतेक ठिकाणी विजेवर अवलंबून असते; त्यामुळे वीज गेली की थोड्या वेळाने पाणीही जाते. काही ठिकाणी तर वीज असूनही पाणी पुरत नाही. पेणच्याच खारेपाटात, वाशी-शिर्की भागात, उन्हाळ्यातली टंचाई जुनीच आहे. हेटवणे त्याच तालुक्यात असूनही तिथे पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागत आली आहे. अशा ठिकाणी साठवण हा रोजच्या घरकामाचाच भाग असतो.

किती पाणी भरावे, हे भांडी मोजून नव्हे तर वापर मोजून ठरवावे. माणशी रोज पिण्या-स्वयंपाकाला ५ लिटर, भांडी आणि हात-तोंड धुण्याला १०, अर्ध्या बादलीच्या अंघोळीला ८ आणि शौचालयाला २० लिटर धरले तर चौघांच्या घराला दोन दिवसांसाठी सुमारे ३५० लिटर लागतात. शहरी पुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशोबाने हाच आकडा १,०८० लिटर होतो. म्हणजे कपडे धुणे पुढे ढकलले आणि शॉवर बंद ठेवला, तर एक तृतीयांश पाण्यात घर चालते. तान्हे मूल, आजारी माणूस किंवा पाहुणे असतील तर वाढीव धरावे.

हे पाणी तीन भागांत ठेवावे. पिण्याचे पाणी घासून धुतलेल्या हंड्या-कळशांत किंवा झाकणाच्या पिंपात ठेवावे. त्यात हात बुडू नये म्हणून तोटी असावी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. साठवलेले पाणी दूषित होते ते बहुधा हाताने आणि उघड्या तोंडाने. दुसरा भाग भांडी-अंघोळीचा, तिसरा शौचालयाचा. तिसऱ्या भागाला स्वच्छ पाणीच हवे असे नाही. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी, भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी, कपडे धुण्याच्या मशीनचे शेवटच्या विसळणीचे पाणी तिथे चालते. ते आदल्या दिवसापासून जमवावे. मोठे टिप कुठे ठेवायचे तेही आधी ठरवावे. २०० लिटर पाण्याचे वजन २०० किलो भरते. बाहेर काढलेल्या बाल्कनीत असे दोन-तीन टिप ओळीने मांडू नयेत. रसायने किंवा रंग ठेवलेले जुने टिप, कितीही धुतले तरी, पिण्याच्या पाण्याला वापरू नयेत.

साठ्याची ही विभागणी कामाच्या जागीही हवी. जिते परिसरात हमरापूर-जोहे येथे गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. तिथे कामाचे आणि कामगारांच्या पिण्याचे पाणी एकाच टिपात ठेवू नये. माती मळायला विहिरीचे किंवा साठवलेले जुने पाणी चालते. नळाचे पाणी पिण्यासाठी राखावे.

पाणी जाण्याआधी भांडी घासून घ्यावीत, डाळ-तांदूळ भिजवून ठेवावेत आणि कमी भांड्यांत होणारा स्वयंपाक ठरवावा. पाणी गेल्यावर पहिले काम नळ तपासण्याचे. कोरडा नळ उघडा राहिला तर रात्री पाणी आल्यावर घरभर होते. गिझर बंद ठेवावा. टाकी रिकामी झालेली असताना तो चालू झाला तर बिघडू शकतो. सोसायटीत खालच्या टाकीतले पाणी तळाला गेले की पंप थांबवावा, कारण कोरडा चाललेला पंप जळू शकतो. नळाला थेट टुल्लू पंप लावणे शेजाऱ्यांवर अन्याय करणारे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. वाहिनीत दाब नसताना पंपाने ओढ लावली की गळक्या जोडातून बाहेरचे, कधी गटाराचे, पाणी आत येऊ शकते.

नेमका हाच धोका पाणी परत येतानाही असतो. रिकाम्या वाहिनीत झिरपलेले पाणी, तळाचा गाळ आणि गंज पहिल्या धारेबरोबर येतो. आधी हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी पडते. हे पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नये, फिल्टरलाही जोडू नये. बादलीत धरून शौचालयाला वापरावे. स्वच्छ दिसू लागल्यावरही पहिला दिवसभर पिण्याचे पाणी फडक्याने गाळून, खळखळून उकळून घ्यावे. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोर वेष्टनावरील प्रमाणात मिसळून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचा असर कमी होतो, म्हणून आधी निवळणे-गाळणे आवश्यक. ग्रामपंचायतीच्या योजनेत जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने शिल्लक क्लोरीन पाहतो. पुरवठा पुन्हा सुरू झाला त्या दिवशी ही चाचणी झाली का, हे गावकऱ्यांनी विचारावे.

उरलेल्या साठ्याचे काम शेवटी राहते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या भांड्यांत अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो तो यासाठीच. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कडा घासायला हव्यात. पुरवठा नेहमीच्या दाबाने सुरू झाला की साठा धुणे-पुसणे, झाडे आणि शौचालय यांत संपवावा, पिंपे-टिप घासून उन्हात वाळवावेत आणि पालथे घालून ठेवावेत.