वहीची पत



मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या पेढ्यांवर कितीही धावपळ असो, जुनी मंडळी त्या दिवसाची रोजकीर्द पुरी केल्यावाचून गादीवरून उठत नसत. ‘उद्या आठवून लिहू’ म्हणणाऱ्याच्या हिशेबाला बाजारात पत नसे. रोजच्या रोज अशीच वही लिहिणाऱ्या एका इंग्रज स्त्रीची ओळख आज करून द्यावयाची आहे.

मारिया ग्रॅहम हिचा जन्म १७८५ साली उत्तर इंग्लंडमध्ये झाला. नौदलात अधिकारी असलेल्या वडिलांबरोबर ती १८०९ मध्ये मुंबईस आली आणि त्याच वर्षी थॉमस ग्रॅहम या नौदल अधिकाऱ्याशी तिचा विवाह झाला. तापीकाठापर्यंत ती पोहोचली नाही. परंतु घारापुरी व कार्ल्याची लेणी, तसेच दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील पुणे तिने पाहिले, रेखाटले आणि नोंदवून ठेवले. १८१२ मध्ये तिची हिंदुस्थानातील रोजनिशी प्रसिद्ध झाली. तेव्हा एका समीक्षकाने टोमणा मारला, की अशा तरुणी हिंदुस्थानात माहितीसाठी नव्हे, नवरा शोधण्यासाठी जातात!

पुढे १८२२ मध्ये चिलीकडे जाताना जहाजावरच तिच्या पतीचे निधन झाले. परक्या देशात एकटी पडूनही ती तेथेच राहिली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरच्या रात्री चिलीत प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर किनाऱ्यावर फिरताना तिला दिसले, की जे खडक पूर्वी पाण्याखाली असत ते उघडे पडले आहेत आणि त्यांना चिकटलेले शिंपले मरून कुजत आहेत. जमीनच वर उचलली गेली, असे तिने लिहिले. लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेने हा वृत्तान्त १८२४ मध्ये छापला.

दहा वर्षांनी, १८३४ मध्ये, त्याच संस्थेचे अध्यक्ष ग्रीनो यांनी तिच्या साक्षीवर जाहीरपणे अविश्वास दाखविला. तोपर्यंत चित्रकार कॉलकॉट यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला होता आणि दीर्घ आजाराने ती अंथरुणास खिळली होती. पती व भाऊ ग्रीनोंशी द्वंद्व करावयास निघाले, तेव्हा तिने दोघांनाही शांत बसविले. आपली लढाई ती स्वतः लढली. तिने मुद्देसूद उत्तर लिहून प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १८३५ च्या फेब्रुवारीत, चिलीत पुन्हा मोठा भूकंप झाला. त्या वेळी तेथे असलेल्या चार्ल्स डार्विन यांनी किनारा वर आल्याचे प्रत्यक्ष पाहिले. मारियाची नोंद खरी ठरली.

तिचे सर्वच लिखाण मात्र डोळे मिटून स्वीकारावे असे नाही. आपल्या लोकांविषयीच्या तिच्या अनेक अभिप्रायांत राज्यकर्त्यांच्या समाजाचा अहंभाव डोकावतो. ते अभिप्राय आज शिळे झाले. तिने स्वतः पाहून केलेली वर्णने मात्र अभ्यासक अजून वाचतात. नोंद आणि मत यांचे खाते वेगळे ठेवावे, हा धडा येथे मिळतो.

१८४२ मध्ये तिचे निधन झाले. मुलांसाठी लिहिलेल्या इंग्लंडच्या इतिहासामुळे मायदेशात तिचे लिखाण पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाचले गेले; चिलीत आजही तिची रोजनिशी आदराने वाचली जाते.

वाचकहो, आपल्याही घरांत आजीच्या हातची एखादी जुनी वही असेल: लग्नातल्या आहेराची, प्रवासाची, टंचाईच्या वर्षातील धान्याच्या भावाची. ‘बायकांचे टिपण’ म्हणून ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. ग्रीनोंनी केलेली चूक आपल्या घरात होऊ नये, एवढीच विनंती.