एका अक्षराचं कॉन्ट्रिब्युशन

“कमेंटमधलं स्पेलिंग सुधारलं म्हणजे काय कॉन्ट्रिब्युशन झालं का राव?” हा प्रश्न आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर ऐकायला मिळतो. ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचं, असं प्रत्येकाच्या मनात असतं. पण करायचं म्हणजे एकदम नवा कंपायलर लिहायचा, नाहीतर कर्नेलचा शेड्युलर बदलायचा! एखाद्याने डॉक्युमेंटेशनमधला एक शब्द सुधारून पाठवला, की त्याला लगेच ‘शुद्धलेखनवाले गुरुजी’ ही पदवी बहाल होते. माझं मत जरा वेगळं आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर मेसमध्ये भेटा, वाद घालू.

मित्रांनो, सुरुवात दोन जुन्या स्पेलिंगांपासून करू. आपण एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर गेलो, की आपण कुठून आलो हे ब्राउझर सर्व्हरला कळवतो. त्या हेडरचं नाव ‘रेफरर’. इंग्रजीत या शब्दात मधे दोन ‘आर’ जोडून येतात. पण १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये, म्हणजे एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात, तिथे एकच ‘आर’ छापला गेला. आता जगातल्या सगळ्या ब्राउझरांना आणि सर्व्हरांना तेच चुकीचं स्पेलिंग पाळावं लागतं. गंमत म्हणजे नंतर आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’ या हेडरमध्ये दोन्ही ‘आर’ जागच्या जागी आहेत. म्हणजे वेब प्रोग्रामरने एकच शब्द दोन प्रकारे लक्षात ठेवायचा!

दुसरं उदाहरण युनिक्सचं. फाइल तयार करण्याच्या ‘क्रिएट’ या सिस्टिम कॉलच्या नावात शेवटचा ‘ई’ नाही. युनिक्स पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलाल, असं केन थॉम्सन यांना विचारलं, तेव्हा तो ‘ई’ घालेन, असं त्यांचं उत्तर होतं म्हणे.

यातून मला एवढंच म्हणायचंय की नावात शिरलेली चूक कायमची वस्तीला येते. कारण ते नाव वापरणारे हजारो प्रोग्राम तयार झालेले असतात, आणि नाव सुधारलं की ते सगळे मोडतात. कमेंट आणि डॉक्युमेंटेशनचं तसं नसतं. तिथलं अक्षर बदललं म्हणून प्रोग्रामच्या वागण्यात काही फरक पडत नाही. म्हणजे चूक फुकटात दुरुस्त होते ती फक्त तिथेच. आणि आपण सगळे कोड लिहितो कसे, ते काय मी सांगायला हवं? वरच्या फाइलमधून कॉपी, खालच्या फाइलमध्ये पेस्ट! आज कमेंटमध्ये असलेला चुकीचा शब्द उद्या व्हेरिएबलच्या नावात जातो आणि परवा एपीआयमध्ये. मग बसा पाळत.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही, सगळे ‘ग्रेप’ मारून शोधतात. ‘सेपरेट’मध्ये ‘ए’च्या जागी ‘ई’ पडला, की ती ओळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. लिनक्स कर्नेलच्या पॅच पाठवण्याच्या नियमांत ‘किरकोळ पॅच’ कशाला म्हणायचं, याची एक यादी बरीच वर्षं होती. त्यात डॉक्युमेंटेशनमधल्या स्पेलिंगबरोबरच, ज्यामुळे ग्रेपचा शोध फसू शकतो अशा स्पेलिंगच्या चुकांचाही स्वतंत्र उल्लेख होता. कर्नेलच्या सोर्समध्ये नेहमी होणाऱ्या स्पेलिंगच्या चुकांची एक फाइलच ठेवलेली आहे. प्रत्येक ओळीत आधी चुकीचा शब्द, मग दोन उभ्या रेघा, मग बरोबर शब्द. ही यादी मूळची डेबियनच्या ‘लिंटियन’ या टूलमधली. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट नवा पॅच तपासताना तीच यादी वापरते. ज्यांना आपण थोर हॅकर मानतो, त्यांनी हे काम हलकं मानलेलं नाही. डोनाल्ड क्नुथ तर आपल्या पुस्तकातली चूक सर्वात आधी कळवणाऱ्याला २.५६ डॉलर बक्षीस देतात, मग ती चूक नुसती छपाईची का असेना. (२००८ पासून खरा चेक मिळत नाही, एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र मिळतं. पण तेसुद्धा लोक फ्रेम करून लावतात!)

आता आपल्याकडे वळतो. आपल्यातले बरेच जण मराठी माध्यमातून आलेत. “माझं इंग्लिश कच्चं आहे, मी काय डॉक्युमेंटेशन सुधारणार?” असं म्हणणारे मित्र मला रोज भेटतात. अरे, पण प्रत्येक स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून पाठ केलं ते कोणी? इंग्रजी फाडफाड बोलणारा माणूस ‘रिसीव्ह’मधल्या ‘ई’ आणि ‘आय’ची अदलाबदल नजरेआड करून पुढे जातो. आपण अक्षर-अक्षर लावत वाचतो, म्हणून आपण अडखळतो. आणि या कामात अडखळणं हाच तर गुण आहे.

शिवाय या कामाचा खरा फायदा वेगळाच आहे. स्पेलिंगसाठी का होईना, आपण कोड वाचतो! मागच्या सेमिस्टरला मी एका छोट्या ड्रायव्हरची कमेंट सुधारत होतो. शब्द एकच चुकला होता. पण ते वाक्य नीट वाचलं तेव्हा दिसलं की कमेंट मिलिसेकंद म्हणतेय आणि खालचा कोड मायक्रोसेकंद थांबतोय. चुकलेलं अक्षर मशीनलाही सापडलं असतं. पण कमेंट आणि कोड यांचं पटत नाहीये, हे दिसायला थांबून वाचावं लागतं. साधा स्पेलचेकर तर ‘फ्रॉम’च्या जागी पडलेला ‘फॉर्म’सुद्धा सोडून देतो, कारण दोन्ही शब्द बरोबरच!

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’च्या वेळी काय झालं ते आठवा. चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट! मग काय, रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घुसडायचं आणि पाठवून द्यायचं, असा पूर आला. मेंटेनर वैतागले. शेवटी आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रोजेक्टची तयारी असेल तिथल्याच पुल रिक्वेस्ट धरल्या जाऊ लागल्या. त्या पुरात आपल्या देशातले विद्यार्थीही भरपूर होते. ते स्पेलिंग सुधारणं नव्हतं, ती अटेंडन्स लावणं होतं! एका अक्षराचा पॅच असला तरी मेंटेनरला तो उघडावा, वाचावा आणि जोडावा लागतोच. त्याचा वेळ फुकट नाही.

म्हणून माझे चार साधे नियम. एक, कमेंट आणि डॉक्युमेंटेशनच सुधारा, फंक्शनच्या नावाला हात लावू नका. दोन, ब्रिटिश स्पेलिंग ही चूक नव्हे. ‘कलर’मध्ये ‘यू’ असला तर असू द्या. तीन, एका फाइलमधल्या सगळ्या चुका एकाच पॅचमध्ये पाठवा, दहा चुकांचे दहा पॅच करून आकडा फुगवू नका. चार, टूलने दाखवलेला प्रत्येक बदल स्वतः वाचा. नाहीतर चुकांच्या यादीवरच स्पेलचेकर चालवून तिथल्या चुकाच ‘सुधारून’ टाकाल!

आणि इंग्रजी नकोच असेल, तर मराठी आहे की! ग्नोम, केडीई, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांचे मराठी अनुवाद आहेत. त्यात ‘नवीन’चं ‘नविन’ झालेलं दिसलं तर ते कोणी कॅलिफोर्नियातला माणूस सुधारणार नाही. ते काम आपलंच.

असो. प्लेसमेंटच्या वेळी बायोडेटात ‘एक वेलांटी दुरुस्त केली’ असं लिहून कोणी नोकरी देणार नाही, हे मलाही कळतं. पण दुसऱ्याने लिहिलेलं मन लावून वाचण्याची सवय ज्याला लागली, तो पुढे बगही शोधेल आणि स्वतःची कमेंटही धड लिहील. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी डॉक्युमेंटेशन वाचताना एखादा शब्द खटकला, तर हसून पुढे जाऊ नका. दुरुस्त करा, पाठवा. आणि शेजारच्या रूममधल्या गुरुजींना निदान एक कटिंग चहा तरी पाजा!