कुत्रा बरा झाला, पण कशाने?

भिलाईच्या नेहरू नगरातून जी. ई. रोडने पश्चिमेकडे निघाले की दुर्ग लागते आणि शिवनाथ नदी ओलांडून पुढे गेले की अंजोरा. छत्तीसगडचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे. ज्या विद्यापीठाचा ते भाग आहे ते २०१२ साली स्थापन झाले आणि त्याचे नाव आहे कामधेनू विद्यापीठ. नावातच प्राधान्यक्रम सांगितला गेला आहे! राज्याच्या अर्थकारणात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचे स्थान पाहता त्यात गैर काही नाही. मात्र याच रस्त्यालगतच्या वसाहतींत आता घरोघरी कुत्री-मांजरे आहेत, त्यांचे दवाखाने आहेत, आणि त्या दवाखान्यांतले बहुतेक उपचार दुसऱ्या देशांतल्या कुत्र्यांवर तपासलेल्या पुराव्याच्या आधारे चालतात.

गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांचेच उदाहरण घ्यावे. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड रानापेक्षा घरात अधिक रमतो. भिंतीच्या भेगा, पलंगाच्या फळ्या, कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेभोवतीचे कोपरे हे त्याचे निवासस्थान. त्याच्यासोबत एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू येतो. बबेसिया गिब्सोनी हा रक्तपेशींत राहणारा परजीवीही गोचिडामार्फतच पसरतो. कुत्रा जेवण सोडतो, ताप चढतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कधी गडद होते. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत इवलेसे ठिपके दिसले की निदान होते. न दिसल्यास पीसीआर करावे लागते.

यातली बबेसिया गिब्सोनी तर भारताच्याच मातीत प्रथम ओळखली गेली. १९१० साली पॅटन या संशोधकाने मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात आणि पुढे कोल्ह्याच्या रक्तात ती पाहून तिचे वर्णन केले. तिच्यावरील उपचाराची महत्त्वाची नियंत्रित चाचणी मात्र २००४ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. काही कुत्र्यांना ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन यांची जोडी दिली, काहींना निष्क्रिय औषध, आणि रक्तातून परजीवी खरोखर नाहीसा झाला का, हे पीसीआरने पाहिले. जोडी प्रभावी ठरली. पण ॲटोव्हाक्वोन महाग, भारतातील गावा-शहरांत सहज न मिळणारे, आणि परजीवीच्या एका जनुकात बदल झाला की निकामी होणारे. त्यामुळे इथला पशुवैद्य हाताशी असलेले वापरतो: क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन यांचा मेळ, किंवा मुळात गुरांसाठी प्रचलित असलेले डायमिनाझिन. कुत्र्यांत डायमिनाझिनची सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतर फार थोडे आहे. मात्रा चुकली तर मेंदूवर आघात होतो.

या पशुवैद्याला दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्याच्यापुढे आजारी जनावर आहे, मालकाचे खिसे मर्यादित आहेत आणि निर्णय आजच घ्यायचा आहे. प्रश्न त्याच्या हेतूचा नाही. तिसऱ्या दिवशी कुत्रा उठून जेवू लागला, यावरून औषधाने काम केले असे ठरवता येते का, हा आहे. बबेसियाच्या बाबतीत उत्तर नकारार्थी आहे. या आजारातून वाचलेला कुत्रा पुष्कळदा परजीवी अंगात बाळगूनच बरा दिसतो. रक्त भरून येते, भूक लागते, मालक आनंदाने फोन करतो; परजीवी तसाच असतो आणि पुढच्या गोचिडाची वाट पाहतो. काही कुत्रे औषधाने सुधारतात, काही सलाईनने आणि रक्त चढवल्याने, काही आपल्या प्रतिकारशक्तीने. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर हे तिन्ही एकाच खात्यात, औषधाच्या नावावर जमा होतात.

मालकाची साक्ष या बाबतीत किती भरवशाची, तेही तपासले गेले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवाताने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना केवळ निष्क्रिय औषध दिलेले होते. पाय जमिनीवर किती भार टाकतो, हे यंत्राने मोजले. यंत्राला सुधारणा दिसत नसतानाही अनेक मालकांना ती दिसली. पशुवैद्यांनाही दिसली! कुत्रा स्वतः काही सांगत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याच्यावर माया करणारा माणूस, आणि मायेची नजर मोजपट्टी म्हणून कामाची नाही.

उलट बाजूला, नीट आखलेली चाचणी काय देऊ शकते याचे उदाहरण हृदयरोगात आहे. कुत्र्यांच्या हृदयाची झडप खराब होऊन हृदय मोठे झाले, पण लक्षणे अजून नाहीत, अशा अवस्थेत पिमोबेंडन द्यावे की नाही, यावर बरीच वर्षे मतभेद होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ चाचणीत ११ देशांतील ३६ केंद्रांवरचे ३६० कुत्रे होते. हृदय निकामी होईपर्यंतचा किंवा हृदयविकाराने मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत १,२२८ दिवस आणि निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत ७६६ दिवस निघाला. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली. कोणत्याही एका केंद्राला हे जमले नसते; सरासरीने पाहिले तर एकेका केंद्राच्या वाट्याला दहाच कुत्रे आले होते.

भारतातल्या पशुवैद्यकीय प्रबंधांत सहा-सहा कुत्र्यांचे गट ही जणू रूढीच झाली आहे. एका गटातले चार बरे झाले, दुसऱ्यातले पाच, की पाचवाला उपचार ‘अधिक परिणामकारक’ ठरतो. साधा हिशेब करून पाहावा. एक उपचार ६० टक्के कुत्र्यांत आणि दुसरा ८० टक्के कुत्र्यांत परजीवी नाहीसा करत असेल, तर हा फरक पुरेशा खात्रीने ओळखण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ८० कुत्रे लागतात. दोन वर्षांत पदवी संपवायची असलेल्या विद्यार्थ्याला एकट्याने १६० कुत्रे मिळणे अवघड. तो सहावर थांबतो आणि परीक्षकही थांबतात. यात विद्यार्थ्याचा आळस नाही, रचनेचा दोष आहे. असे दहा प्रबंध दहा वेगवेगळ्या मात्रांनी, दहा वेगवेगळ्या निकषांनी झाले तर त्यांची बेरीजही करता येत नाही.

म्हणून अंजोऱ्याचे महाविद्यालय, नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईत परळचे १८८६ पासूनचे महाविद्यालय यांनी एकच आराखडा घेऊन, एकाच निकषाने, तीन-चार विद्यार्थ्यांच्या तुकड्यांतून एकच चाचणी पूर्ण करावी, ही मागणी अवाजवी नाही. भिलाई, दुर्ग, रायपूर येथील खाजगी दवाखाने तिच्यात रुग्ण पाठवू शकतील. यासाठी आधी लागते ती निव्वळ नोंद: कुत्र्याचे वजन, तापमान, रक्तातील पेशींचे प्रमाण, दिलेली मात्रा, आणि पुन्हा आला की नाही. ब्रिटनमध्ये रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या ‘व्हेटकंपास’ प्रकल्पात हजारांहून अधिक दवाखान्यांच्या रोजच्या नोंदी ओळख पुसून एकत्र होतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ही माहिती औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मालकाच्या हाती दिली जाते आणि दवाखान्यातून कायमची बाहेर जाते.

अर्थात निष्क्रिय औषधाचा गट इथे ठेवता येणार नाही. जीवघेण्या रक्तक्षयाच्या कुत्र्याला काहीच न देणे क्रूरपणाचे ठरेल. तुलना दोन प्रचलित उपचारांची हवी, कोणाला कोणता हे चिठ्ठी टाकून ठरावे, आणि काचपट्टी पाहणाऱ्याला उपचार कोणता ते ठाऊक नसावे. फेरतपासणीचा पीसीआर मालकाच्या माथी मारला तर तो येणार नाही, कारण त्याच्या मते कुत्रा बरा झालेला आहे. तो खर्च प्रकल्पानेच उचलावा लागेल. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९६० च्या कायद्याखाली समिती आणि नियम आहेत, पण त्यांची नजर मुख्यतः प्रयोगशाळेतल्या प्राण्यावर असते. घरातला कुत्रा रुग्णही आहे आणि कुणाचा तरी आहे. त्याच्या मालकाला समजेल अशा भाषेतले, हिंदीत किंवा छत्तीसगढीत लिहिलेले संमतीपत्र, आणि मध्येच बाहेर पडण्याची मुभा, हे चाचणीच्या आराखड्यातच असायला हवे.

राहतात ती मालक नसलेली कुत्री. गोचिडांचा भार त्यांच्या अंगावर कमी नाही, पण त्यांच्या वतीने सही करणारे कोणी नाही आणि साठाव्या दिवशी रक्त घ्यायला ती सापडतीलच असे नाही. पहिल्या चाचणीतून त्यांना वगळणेच प्रामाणिकपणाचे होईल. मात्र मग निष्कर्ष फक्त घरातल्या कुत्र्यांपुरता आहे, हे वाक्य शोधनिबंधाच्या सारांशातच यायला हवे, शेवटच्या पानावर नव्हे.