मुलांची लुडबूड

“लुडबूड करूं नकोस, बाहेर जाऊन खेळ बघूं!” हें वाक्य ज्या स्वयंपाकघरांत कधींच उच्चारलें गेलें नाहीं, असें घर आपल्याकडे क्वचितच आढळेल. आई ओट्याशीं पोळ्या लाटीत असते. तीन-चार वर्षांचें मूल तिला बिलगून “मला पण लाटायची आहे” असा हट्ट धरतें. आईस कामाची घाई असते. पीठ सांडेल, पोळी वांकडी होईल, डबा वेळेवर भरला जाणार नाहीं, अशी भीति तिला वाटते. आणि वरील वाक्य तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडतें. त्यांत तिचा मोठा अपराध आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तेंच मूल बारा-तेरा वर्षांचें झालें म्हणजे त्याच घरांत दुसरें एक वाक्य ऐकूं येऊं लागतें : “एवढा घोडा झाला, पण स्वतःचें ताट उचलील तर शपथ !” ह्या दोन वाक्यांचा एकमेकांशीं निकट संबंध आहे, हें पालकांच्या नजरेस आणून द्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. चवथ्या वर्षीं जें काम मूल आपण होऊन मागत होतें आणि आपण तें नाकारलें, तेंच काम चवदाव्या वर्षीं त्याजकडून सक्तीनें करवून घेऊं पाहणें, हें पेरणीचा हंगाम दवडून कापणीस निघण्यासारखें आहे.

लहान मुलाची ही लुडबूड म्हणजे खोडी नव्हे. मोठीं माणसें जें करतात तें आपणहि करावें, व तें खोटें खोटें नव्हे तर खरोखरीचें करावें, अशी ती ओढ असते. बाजारांत मिळणारी प्लास्टिकची भातुकली मूल दोन दिवस खेळतें व टाकून देतें; परंतु मटारच्या खऱ्या शेंगा सोलावयास दिल्या तर तेंच मूल बराच वेळ एका जागीं बसतें, असा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. इटलींतील डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं सन १९०७ मध्यें रोम शहरांतील सान लोरेन्झो ह्या गरिबांच्या वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें, तेव्हां त्यांसहि हेंच दिसून आलें. सुंदर खेळणीं समोर असतांहि मुलें तीं बाजूस सारून कामाच्या वस्तूंकडे वळत. म्हणून पाणी ओतणें, झाडलोट करणें, बटणें लावणें, जेवणाची मांडामांड करणें ह्या साध्या कृतींना त्यांच्या पद्धतींत अभ्यासाचेंच स्थान मिळालें. आपल्या देशांत सन १९३७ मध्यें वर्धा येथील शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगांतून शिक्षण द्यावें असा विचार मांडला. पुढें सन १९४५ मध्यें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां महागड्या साधनांऐवजीं आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूच त्यांनीं मुलांच्या हातीं दिल्या. ह्या थोर शिक्षकांनीं शाळेंत जें मोठ्या प्रयासानें उभें केलें, तें प्रत्येक घरांत चुलीपाशीं आयतेंच मांडलेलें आहे; आणि नेमकें तेथूनच आपण मुलांस हांकलून देतों !

तेथें मूल काय शिकतें तें पाहूं. प्रथम भाषाच घ्या. आपल्यापैकीं अनेक मुलांचा अभ्यास आतां इंग्रजींतून चालतो, व घरीं मराठी बोलली गेली तरी ती मोजक्या क्रियापदांत आटोपते. स्वयंपाकघरांत मात्र भाषेचें भांडार उघडें असतें. तांदूळ निवडतात, मेथी खुडतात, पीठ चाळतात, लसूण सोलतात, केळें कुसकरतात, कणीक मळतात व तिंबतात, दूध विरजतात, ताक घुसळतात. ह्यांतील प्रत्येक शब्दाची कृति निराळी, व ती करून पाहिल्याशिवाय शब्दाचा खरा अर्थ उमगत नाहीं. कोशांतून पाठ केलेला शब्द परीक्षेनंतर विसरतो. हातानें शिकलेला शब्द जन्मभर पुरतो.

गणिताचेंहि तसेंच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले जुने अपूर्णांक कित्येक मुलांना हल्लीं समजत नाहींत, कारण ते त्यांच्या कानांवरच पडत नाहींत. पोळीचे चार सारखे भाग केले म्हणजे एक भाग चतकोर झाला, हें पांच वर्षांच्या मुलास फळ्यावरील आकृतीवांचून समजतें. एका वाटी तांदुळास दोन वाट्या पाणी लागतें. आज घरचीं चार माणसें व दोन पाहुणे जेवावयास आहेत. तर तांदूळ किती व पाणी किती? पुस्तकांतील त्रैराशिकास कंटाळणारा मुलगा हें गणित उत्साहानें सोडवितो, कारण येथें उत्तर चुकलें तर भात चुकतो.

शास्त्राचे प्रयोग तर घरांत रोजच चाललेले असतात. दोन वाट्यांत दूध घ्यावें. एकींतील कोमट असावें, दुसरींतील शीतकपाटांतून काढलेलें गार. दोहोंत चमचा चमचा विरजण मुलाच्या हातून घालवावें. कोमट वाटी ओट्यावर झांकून ठेवावी व गार वाटी पुन्हां शीतकपाटांत ठेवावी. उन्हाळ्याच्या दिवसांत सहा ते आठ तासांत पहिल्या वाटींत दहीं लागतें, दुसरींत लागत नाहीं. असें कां, हें मूल विचारल्यावांचून राहत नाहीं. मग त्यास सांगावें कीं, विरजणांत डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु असतात. ते दुधांतील साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लानें दूध घट्ट होतें. ऊब मिळाली म्हणजे ते जोमानें वाढतात, गारव्यांत सुस्त पडून राहतात, आणि उकळत्या दुधांत घातले तर मरून जातात. मटकी रात्रभर भिजवून फडक्यांत बांधून ठेवली तर दुसऱ्या दिवशीं तिला मोड येऊं लागतात. मूल ती पुरचुंडी दहा वेळां सोडून पाहील, त्यास पाहूं द्यावें. कपड्यावर पडलेला हळदीचा पिंवळा डाग साबण लावतांच लाल कां होतो, ह्यांत आम्ल व अल्क यांचा पहिला धडा आहे. ह्या प्रयोगांना काडीचाहि अधिक खर्च येत नाहीं, व प्रयोग संपल्यावर तो खातांहि येतो. हळदीचा डाग तेवढा अपवाद.

येथें एक अप्रिय गोष्ट बोलणें प्राप्त आहे. शाळांतून मुलांस ‘प्रकल्प’ म्हणून कांहीं वस्तु घरून करून आणावयास सांगतात. कल्पना उत्तम आहे. परंतु घडतें काय? आदल्या रात्रीं वडील पुठ्ठा कापतात, आई रंग देते, आणि ज्याचा प्रकल्प तें मूल झोपीं गेलेलें असतें. कांहीं ठिकाणीं तर तयार प्रतिकृति दुकानांतून विकत आणितात. शिक्षकहि सुबक कामास शाबासकी देतात, त्यामुळें मुलाचें वेडेंबांकडें पण स्वतःचें काम मागें पडतें. ह्यांतून मूल एकच गोष्ट शिकतें, ती ही कीं, दुसऱ्यानें केलेलें आपलें म्हणून मिरवितां येतें. असल्या दहा प्रकल्पांपेक्षां मुलानें स्वतः लाटलेली एक वांकडी पोळी अधिक मोलाची समजावी. ती कोणत्याहि देशाच्या नकाशासारखी दिसो. ती त्याची स्वतःची असते, आणि वडिलांनीं ती तक्रार न करतां खाल्ली कीं त्या दिवसाचा निकाल लागला.

“मुलें” असें आम्ही म्हणतों तेव्हां त्यांत मुलगेहि आलेच, हें स्पष्ट करणें जरूर आहे. कारण बहुतेक घरांत “बाळे, जरा हात लाव” आणि “बाळ, तूं अभ्यास कर” अशी वांटणी फार लवकर होते. तिचें फळ काय होतें तें राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें सन २०१९ मध्यें देशभर केलेल्या पाहणींत दिसून आलें. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा ८१ स्त्रिया दिवसांतून कांहीं ना कांहीं बिनमोल घरकाम करीत होत्या. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २६ च भरलें. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दररोज सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात होतीं, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाचीं ९७. म्हणजे एकीकडे पांच तास व दुसरीकडे दीड तासाहून थोडें अधिक ! ही तफावत कोणा कायद्यानें घडविलेली नाहीं. ती घरोघरच्या स्वयंपाकघरांत, मुलें चार-पांच वर्षांचीं असतांना, नकळत घडत आलेली आहे, आणि मोडावयाची तर तेथूनच मोडली पाहिजे.

स्वयंपाक हें पुरुषास न शोभणारें काम आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडून पाहावा. रात्रभर जाळीं टाकून थकलेले शिष्य पहाटे कांठाला लागतात, तेव्हां पुनरुत्थित प्रभूनें कोळशांचा विस्तव पेटवून त्यावर मासळी व भाकर तयार ठेविलेली असते, आणि तो त्यांना न्याहारीस बोलावितो. महाभारत वाचणाऱ्यांसहि ठाऊक आहे कीं, गदाधारी भीम अज्ञातवासांत विराटाच्या घरीं बल्लव होऊन स्वयंपाक करीत होता. जें काम प्रभूस कमीपणाचें वाटलें नाहीं व भीमाच्या पराक्रमास ज्यानें बट्टा लागला नाहीं, त्यानें आपल्या मुलाची प्रतिष्ठा जाईल ही भीति व्यर्थ होय.

आतां पालकांच्या शंका. पहिली शंका वेळेची. आईबाप दोघेंहि नोकरीस जातात, शहरांत येण्याजाण्यांतच कित्येक तास मोडतात, आणि मोबाइलवर बोट टेंकतांच जेवण दारीं येतें. अशा स्थितींत मुलास शिकवीत कोण बसणार? ही अडचण खरी आहे, आणि मूल मदतीस आलें म्हणजे आरंभीं काम लवकर न होतां उशिराच होतें, हेंहि खरें आहे. म्हणून रोज करावें असा आमचा आग्रह नाहीं. आठवड्यांतून एक वेळ, सुटीच्या दिवशीं, अर्धा-पाऊण तास, आणि एकच काम, एवढें पुरे आहे. दुसरी शंका धोक्याची, व ती अगदीं योग्य आहे. विस्तव, कुकर, तापलेलें तेल, धारेची विळी व मिरच्या ह्यांपासून लहान मुलांस दूरच ठेवावें, व स्वयंपाकघरांत त्यांस क्षणभरहि एकटें सोडूं नये. परंतु विस्तवाशिवायचीं कामें काय थोडीं आहेत ? तीन वर्षांच्या मुलानें शेंगा सोलाव्या, कोथिंबीर निवडावी, ताटांजवळ वाट्या मांडाव्या. पांच वर्षांच्या मुलानें पीठ चाळावें, लिंबू पिळावें, कणकेचा गोळा मळावा. सात-आठ वर्षांच्या मुलानें दहीं विरजावें, बोथट सुरीनें केळें कापावें, उकडलेले बटाटे निवल्यावर सोलून कुसकरावे. दहा वर्षांपुढें, वडीलमाणूस शेजारीं उभें असतां, चहा व भात ह्यांपासून विस्तवाची ओळख करून द्यावी. तिसरी शंका नासधुशीची. मूठभर पीठ व एखादी वाटी दूध जाईल. परंतु मुलाच्या इतर छंदांवर व शिकवण्यांवर आपण जो पैसा वेंचतों, त्याच्या मानानें हा खर्च कोणीकडेच नाहीं.

सणासारखी संधि तर दुसरी नाहीं. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळांत करंज्या, चकल्या, लाडू होतात. दिवाळींत हिंदु घरांतून तोच फराळ असतो. गोव्यांतील व मुंबईकडील अनेक ख्रिस्ती घरांत नाताळासाठीं कुलकुल करतात. गोड पिठाची लहानशी गोळी कांट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळली कीं तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. हें काम लहान बोटांसाठींच निर्माण झाल्यासारखें आहे. मोठ्यांनीं तळावें, लहानांनीं वळावें, आजीनें मधूनच गोष्ट सांगावी, असा तो थाट असतो. शंकरपाळे कातणानें कापणें, करंजींत सारण भरणें हींहि मुलांचींच कामें. आतां फराळाचे तयार डबे विकत मिळतात, व ज्यांस सवड नाहीं त्यांनीं ते जरूर आणावे. पण निदान एक जिन्नस घरीं, सर्वांनीं मिळून करावा. डब्यांतला लाडू गोड असेल, परंतु तो वळतांना कोण हंसलें व कोणी चोरून खाल्ला, ही आठवण डब्याबरोबर येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख केवळ तुमच्या आईवडिलांकरितां लिहिलेला नाहीं. तुमच्यापैकीं पुष्कळांस धाकटीं भावंडें आहेत, आणि त्यांस “जा रे, मध्यें येऊं नकोस” असें तुम्हीहि म्हणत असाल. शिवाय जें तुम्हांला चवथ्या वर्षीं मिळालें नाहीं तें आतां स्वतःहून मागण्यास कोणाची आडकाठी नाहीं. तर पालकहो व विद्यार्थिमित्रहो, येत्या रविवारीं घरांतील सर्वांत लहान मुलास पाटावर उभें करून त्याच्या पुढ्यांत परात ठेवावी व थोडें पीठ द्यावें. पीठ जमिनीवर सांडेल, ह्यांत शंका नाहीं. तें पुसण्याचें फडकेंहि त्याच्याच हातीं द्यावें.