गुडघा बदलण्याआधी थिएटरच्या हवेचंही विचारा

भाताची लावणी, होडीची चढउतार, बाजारात पाटी पुढ्यात घेऊन तासन् तास बसणं, यात गुडघे झिजतातच. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडची मंडळी मग पनवेल नाहीतर मुंबई गाठून सांधा बदलून घेतात. जाण्याआधी डॉक्टरची आणि पॅकेजची चौकशी सगळेच करतात. ऑपरेशन थिएटरच्या हवेबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ते विचारा.

नव्या सांध्यावर जंतू बसले की बुळबुळीत थर धरतात. औषध त्या थरापुढे लंगडं पडतं, आणि कधी बसवलेला सांधाच काढून पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. थिएटरच्या हवेतले जंतू येतात मुख्यतः आत वावरणाऱ्या माणसांच्या अंगावरून. कातडीचे बारीक कण सतत झडतात आणि जंतूंना घेऊन तरंगत राहतात. इंग्लंडमध्ये खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया रुळवणाऱ्या जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्षच उभारला. पुढे १९८२ साली आठ हजारांवर ऑपरेशनांचा अभ्यास छापून आला. अतिस्वच्छ हवेत खोलवरच्या संसर्गाचं प्रमाण निम्म्याहून कमी दिसलं, पण आधी दिलेल्या अँटिबायोटिकचा वाटाही मोठा होता. २०१६ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, सांधेबदलात केवळ संसर्ग टाळायचा म्हणून महागडी 'लॅमिनार' हवा, म्हणजे एकाच दिशेने संथ वाहणारी गाळलेली हवा, वापरू नये. तसा ठोस पुरावा नाही. तेव्हा फलकावर 'लॅमिनार थिएटर' वाचून भुलू नका.

विचारायचं ते साधं आहे. बाहेरची ताजी हवा गाळून आत येते, की भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत बसतो? तासाला निदान वीस वेळा हवा बदलते का? ऑपरेशन चालू असताना दार किती वेळा उघडतं? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. दार उघडलं की बाहेरची हवा आत घुसते, आणि येणारं प्रत्येक माणूस आपले जंतू घेऊनच येतं. जवळच्या रुग्णालयात जाणार असाल तर वीज गेल्यावर जनरेटरवर थिएटरची हवा चालते का, हेही विचारा. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे दिवसेंदिवस अंधार होता, विसरला नसाल.

आता आपल्या बाजूचं. पायाला चिखल्या असतील, मासळी साफ करताना काटा रुतून बोट पिकलं असेल, दाढ किडली असेल, तर डॉक्टरांना आधी दाखवा, ते पुरतं बरं होईतो तारीख पुढे गेली तरी चालेल. साखर ताब्यात आणा. तंबाखू, मिश्री काही आठवडे आधीच सोडा. आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने पायाचे केस काढू नका, बारीक कापलं की जंतूंना वाट मिळते. आणि भेटायला अख्खी आळी नेऊ नका, शहाळी नंतर घरी आणता येतील.

घरी आल्यावर टाके पाझरले, गुडघा लाल-गरम झाला किंवा ताप आला तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाऊ नका. त्याने तपासणीत जंतू सापडत नाही. पाला बांधू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच त्याच दिवशी फोन करा. मुंबईत करणार असाल तर तारीख ठरवतानाच ध्यानात ठेवा, पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात. गाड्या नेणारी रो-रो बोटही हवामान पाहूनच सुटते.