खेळाचा रकाना

२०२१ च्या पावसाळ्यात आम्ही मुकुंदवाडीकडच्या एका वस्तीत घरोघर जाऊन तक्ते भरत होतो. शहरातल्या शाळा तेव्हा बंद होत्या. तक्त्यात नेहमीचे प्रश्न होते : रोजगार सुटला का, रेशन मिळालं का, घरात मोबाइल आहे का, अभ्यास कोण घेतं. शेवटी एका सहकारी मैत्रिणीच्या हट्टामुळे एक रकाना वाढवला होता : मूल दिवसभरात काय खेळतं? खरं सांगायचं तर मला तो रकाना फुकटचा वाटला होता. चूल पेटायची मारामार असलेल्या घरात जाऊन खेळाचं काय विचारायचं?

संध्याकाळी तक्ते मांडून बसलो तेव्हा तो रकानाच बोलायला लागला. मुलग्यांच्या नावापुढे जागा पुरली नव्हती. क्रिकेट, गोट्या, विटीदांडू, पतंग, टायर पळवणं, विहिरीवर पोहणं, रेल्वेच्या कडेनं भटकणं. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलींपुढेही लंगडी, ठिकरी, भातुकली असं काहीबाही होतं. नऊ-दहाच्या पुढच्या मुलींच्या नावापुढे मात्र ओळीनं आडव्या रेघा. एका आईनं मला सरळच सांगितलं होतं, “ताई, आता कशाला खेळायलीय ती? मोठी झाली की.” ती ‘मोठी’ दहा वर्षांची होती. कडेवर सव्वा वर्षाचा भाऊ घेऊन दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

त्या दीड-दोन वर्षांत वर्तमानपत्रांतून आणि व्याख्यानांतून एक गोष्ट आपण पुष्कळ ऐकली. शाळा बंद आहे तर मुलांना मोकळं सोडा, मातीत खेळू द्या, झाडं-पाखरं बघू द्या, मोबाइलच्या वर्गापेक्षा त्यातून जास्त शिकतील. हे मला पटतं. माझी स्वतःची मुलगी तेव्हा सिडकोतल्या दोन खोल्यांत मोबाइलपुढे बसून पुस्तकातली झाडाची चित्रं रंगवत होती आणि खाली खरा कडुनिंब उभा होता. तेव्हा मोकळ्या खेळाच्या बाजूनं मी आधीपासूनच आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की ‘मुलांना मोकळं सोडा’ असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कोण असतं? गोगाबाबा टेकडीवर पतंग घेऊन चढणारी ती मुलंच ना? मुलगी टेकडीवर जाते ती काटक्या आणायला. कुठलं लाकूड ओलं, कुठल्या झुडपाचा काटा विषारी, सीताफळाचा डोळा कधी उघडतो, हे तिला भावापेक्षा जास्त ठाऊक असतं. निसर्गाशी तिची ओळख आहेच, पण ती डोक्यावरच्या भाऱ्याखालून झालेली आहे. त्या ओळखीचं आपण कौतुक करू नये असं मला वाटतं. आपल्या चळवळीतही कधीकधी ते होतं.

शाळा बंद झाली म्हणजे मुलग्यांचा अभ्यास थांबला. मुलीचं त्याखेरीज आणखी काहीतरी गेलं, मधली सुट्टी गेली. ज्या मुलीला घरून ‘खेळायला जा’ असं कधीच म्हटलं जात नाही, तिला शाळेच्या नावाखाली रोज अर्धा तास मैदान मिळत होतं, बरोबरीच्या मैत्रिणी मिळत होत्या आणि कडेवर कुणी नसायचं. शहरातल्या चौथीपर्यंतच्या वर्गांना डिसेंबर २०२१ उजाडेपर्यंत परवानगी मिळाली नाही आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस कुलूप लागलं. अभ्यास किती बुडाला याची मोजदाद झाली. मधल्या सुट्ट्या किती बुडाल्या हे कुणी मोजलं नाही.

तो वेळ गेला कुठे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच, देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. ही पाहणी सहा वर्षांवरच्या सगळ्यांची आहे. म्हणजे त्या ‘स्त्रियां’मध्ये पहिली-दुसरीतल्या पोरीही धरलेल्या आहेत. आपल्या शहरात त्यात पाण्याची भर. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचं एवढं मोठं धरण, आणि त्या वर्षी नळाला चार-पाच दिवसांआड, कधी आठवड्यानं पाणी. वस्तीत टँकर आला की हंडे लावायचे कुणी? ज्यांची शाळा नाही त्यांनी.

त्या दहा वर्षांच्या मुलीला मी पुढे एकदा एकटी गाठून विचारलं, “तू कधीच खेळत नाहीस?” ती म्हणाली, “खेळते ना, पाण्याच्या दिवशी.” मग मी पाण्याच्या दिवशी मुद्दाम गेले. हंड्यांची रांग लागलेली, टँकरचा पत्ता नाही, आणि रांगेच्या कडेला चार मुली उकिडव्या बसून रस्त्याची खडी सागरगोट्यांसारखी उडवत होत्या. भाऊ मांडीत झोपलेला. टँकरचा हॉर्न वाजला तशी खडी तिथंच टाकून चौघी पळाल्या.

तेव्हा मला बायकांच्या खेळांचं एक कोडं उलगडलं. सागरगोटे, काचापाणी, फुगडी, सगळे कसे हातभर जागेत मावणारे, हाक आली की मोडता येणारे! आणि मोठ्या बाईला खेळायचं असेल तर त्याला मंगळागौरीचं, हादग्याचं, नागपंचमीचं निमित्त लागतं. देवाच्या नावानं खेळ चालतो, नुसता चालत नाही.

मैत्रिणींनो, आया दुष्ट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. दिवसभर मजुरीला गेलेली बाई तरण्या होऊ घातलेल्या पोरीला मैदानावर कुणाच्या भरवशावर सोडेल? तिची भीती खरी आहे. पण या भीतीतून पुढे काय होतं तेही आम्ही पाहिलं आहे. मुलीचं खेळणं थांबलं की ती ‘मोठी’ ठरते, मोठी ठरली की घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि मराठवाड्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरंच वर आहे. खेळामुळे बालविवाह थांबतात असा दावा मी करणार नाही. पण बारा वर्षांची पोर रोज धुळीनं माखून घरी येते तोवर तिला बायको म्हणून बघणं घरच्यांनाही थोडं जड जातं, हे मी खात्रीनं सांगू शकते.

आम्ही काय केलं तेही सांगते, त्यातल्या चुकीसकट. वस्तीजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर आठवड्यातून दोन दुपारी मुलींना बोलवायला सुरुवात केली. आमचं शिक्षण समाजकार्याचं, त्यामुळे तासाचा आराखडा तयार! चित्रकला, हात धुण्याचं प्रात्यक्षिक, किशोरींचं आरोग्य. मुली यायच्या, रांगेत बसायच्या, टाळ्या वाजवायच्या, घरी जायच्या. एकदा साहित्याची रिक्षा आलीच नाही. प्लॉटच्या कोपऱ्यात गटारीच्या कामाची वाळू पडली होती. आम्ही फोनवर भांडत असताना मुली त्या ढिगाऱ्यावर चढल्या.

पुढचे दोन तास आम्ही नुसत्या बघत होतो. बोगदे झाले, दवाखाना झाला, एकीनं काठी घेऊन पोलीस होऊन बाकीच्यांना उठाबशा काढायला लावल्या. मग चार-पाच जणी वाळूवर ओळीनं आडव्या झाल्या आणि एक तोंडानं भोंगा वाजवत मालगाडी होऊन आली. माझ्या पोटात गोळा आला. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्याहून पायी निघालेले होते. त्याला वर्ष उलटलं होतं. आपल्यापैकी कुणी या मुलांशी त्यावर बोललं होतं? आमच्या आराखड्यात तो विषय नव्हता. मालगाडी ढिगाऱ्यापाशी आली, थांबली, आणि ‘ड्रायव्हर’नं एकेकीला हात धरून उठवलं. मग सगळ्या दवाखान्यात गेल्या.

त्या दिवसानंतर आराखडा आम्ही बाजूला ठेवला. आमचं काम दोनच गोष्टींचं उरलं. एक, वस्तीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायका प्लॉटच्या कडेला बसवणं, म्हणजे आयांना धीर. दुसरं, कडेवरचं पोर सांभाळणं. हे दुसरं आम्हाला नव्यानं सुचलं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली ती याचसाठी. धाकट्याला कुणी घेतल्याशिवाय थोरली मोकळी होत नाही. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणावर शाळा नेली. मूल जिथे कामाला जुंपलं आहे तिथे जायचं आणि त्याच्या पाठीवरचं ओझं आधी उतरवायचं, मग पानाफुलांचं बोलायचं.

खेळणं आणि विरंगुळा हा मुलांचा हक्क आहे असं १९८९ च्या बालहक्क संहितेचं ३१ वं कलम सांगतं, आणि भारतानं ती संहिता १९९२ मध्ये मान्य केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. गेल्या काही वर्षांत खाम नदीचा काठ साफ होऊन तिथं झाडं लागली, हिमायत बाग आहे, टेकड्या आहेत. जागा नाही असं नाही. त्या जागेवर मुलगी एकटी-दुकटी, काही काम नसताना, पोहोचू शकते का, एवढंच विचारायचं आहे. माझ्या मते याला सगळ्यात जवळचं उत्तर शाळेचं मैदान आहे, कारण शाळेच्या फाटकातून मुलीनं आत जाण्याची घराला सवय झालेली असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत, उन्हाच्या लाटेत वर्ग बंद असतील तेव्हा, उद्या आणखी काही आलं तरी, ते फाटक रोज संध्याकाळी दोन तास उघडं राहावं आणि ते दोन तास मुलींचे असावेत.

वस्तीजवळच्या एका शाळेकडे आम्ही तसा अर्ज दिला आहे. जबाबदारी कोण घेणार, असं विचारलं गेलं. आम्ही घेतो, असं लिहून दिलं. किल्ली अजून शिपायाकडेच आहे. मुलगे मागच्या भिंतीवरून उड्या टाकून आत जातात आणि क्रिकेट खेळतात. मुली फाटकापाशी थांबून आम्हाला विचारतात, ताई, आज तरी उघडणार का?